पाण्यातला साप आपला

आमचं घर तळ्याच्या काठाला होतं, पण तळं आमचं नव्हतं. पालमकडं जाणारी एसटी जिथं वळते, तिथून आत दोन कोसांवर माळाच्या पायथ्याला ते तळं आहे. मोठ्या मासळीचा ठेका दर साली बाहेरचा कुणीतरी घ्यायचा. माशांचं बी तो सोडायचा, कटला-रोहू तो काढायचा, आणि काढणीच्या दिवशी आमच्या वस्तीतली माणसं त्याच्या जाळ्याला रोजानं हात लावायची. आम्ही भोई. पिढ्यानपिढ्या पाण्यावर जगलेले. तरी आमच्या वाट्याला यायचं ते काठाचंच: झिंगे, बारकी मासळी, चुकून घावलेली एखादी मरळ, आणि उन्हाळ्यात बांधाच्या बिळांतले खेकडे.

माय ती मासळी पाटीत घालून गावोगाव हिंडायची. पाटी खपली तर ज्वारी यायची, नाही खपली तर तीच मासळी संध्याकाळी आमच्या पुढ्यात. लोकांना वाटतं, रोज मासे खाणाऱ्यांची चैन असती. त्यांनी आठ दिवस भाकरीवाचून नुसते उकडलेले झिंगे खाऊन बघावेत. शाळेत माझ्या दप्तराला वास येतो म्हणून मुली बाकावर सरकून बसायच्या. बाक लांब होता, माझ्या बाजूला नेहमी दोघींची जागा रिकामी असायची. आता हे सांगताना मला लाज वाटत नाही. तेव्हा वाटायची.

मला सांगायचं आहे ते एका सापाबद्दल. हा साप कुणाचाच जीव घेत नाही. तरी त्याच्या भरवशावर माझा बाप गेला. त्यात माझा हात होता. आणि त्यानंतर माझ्या वस्तीत दुसरं कुणी तसं जाऊ नये, एवढ्याचसाठी मी पुढची वर्षं घालवली.

सापाचं नाव विरोळा. कुठं त्याला दिवड म्हणतात, कुठं नुसतंच पाणसाप. अंग पिवळट-हिरवट आणि त्यावर काळे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक. डोळ्याखालून दोन काळ्या तिरप्या रेघा निघतात, काजळ ओघळल्यासारख्या. हाताला खरखरीत लागतो. मासे, बेडूक हे त्याचं खाणं. पिल्लं असतात तोवर बेडकाच्या शेपटीवाल्या पोरांवर भागवतात. मासा धरला की तो आडवा तोंडात घेऊन काठावर येतो, तिथं त्याला फिरवतो आणि डोक्याकडून गिळतो. शेपटीकडून गिळला तर पंखांचे काटे घशात उलटे उभे राहतात. हे मला पुस्तकानं पुढं सांगितलं. बापानं आधी दाखवलं होतं.

विरोळ्याला विष नाही, पण राग लय. पकडला तर मान चपटी करून असा उभा राहतो की नवख्याला नागच वाटावा. आणि चावतो. कडकडून चावतो, सोडत नाही, रक्तही भळाभळा येतं. आमच्या वस्तीत ज्याला विरोळा चावला नाही असा माणूस नव्हता. लेकराला पहिल्यांदा विरोळा चावला की घरात गूळ-खोबरं वाटायचे. म्हणायचे, पाण्यानं ह्याला वळखलं. मला सातव्या वर्षी चावला. जाळं झटकताना अंगठ्याला लटकला तो लटकलाच. मी बोंब मारली तर बाप हसत होता.

"रडू नगंस बाई. भाऊबंद हाय आपला. त्योबी मासळीवर जगतो, आपुनबी मासळीवर."

"मग चावतो कशाला?" मी विचारलं.

"भाऊबंद हाय म्हनूनच चावतो."

सगळी वस्ती हसली. बापाला चार एकरांच्या तुकड्यासाठी त्याच्या सख्ख्या चुलत्यांनी काय काय केलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

जाळ्यात अडकलेला विरोळा बाप कधी मारायचा नाही. जाळ्याची दोरी एकेक करून सोडवायचा. कधी कधी सापाची शेपटी तुटून हातात यायची आणि साप निघून जायचा. बाप ती शेपटी पाण्यात टाकायचा आणि म्हणायचा, ज्याचं त्याला द्यावं. माघातल्या थंडीत एकदा त्यानं मला बांधाच्या दगडांतलं एक बीळ दाखवलं. आत पांढरी अंडी एकमेकांना चिकटून गठ्ठ्यानं पडली होती आणि मादी त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसली होती. बापानं पुढचा दगड परत लावून ठेवला आणि बाकीच्यांना सांगितलं, ह्या अंगाला यंदा खेकड्याला येऊ नका.

तर आमच्या पाण्याचा एक कायदा होता. लिहिलेला नव्हता, पण रांगणाऱ्या पोरालाही पाठ होता: पाण्यातला साप आपला, बांधावरचा परका. बांधावर, धुऱ्यावर, कडब्यात साप चावला तर धावपळ. पाण्यात चावला तर हळद लावायची, चुना लावायचा आणि परत कामाला लागायचं. दवाखान्यात कुणी जायचं नाही. पाण्यातल्या चाव्याला दवाखान्यात जाणारा भोई म्हणजे पावसात छत्री धरणारा बेडूक, असं माझा चुलता म्हणायचा. आणि हा कायदा खोटा नव्हता. आमच्या तळ्यांत पाण्यात राहणारा विषारी साप नाहीच. आमच्या आज्या-पणज्यांचा कायदा आणि मी पुढं शिकलेलं शास्त्र या बाबतीत एकच बोलतात.

त्या साली पाऊस कमी झाला. होळीलाच तळं मागं सरकलं. बांधाच्या दगडांवर पाण्याची पांढरी रेघ उरली होती आणि पाणी त्या रेघेपासून पुरुषभर खाली गेलं होतं. मी नुकतीच बारावी सायन्सची परीक्षा दिली होती. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मीच पहिली, आणि वस्तीत सायन्सला गेलेलं तर आजवर कुणी नव्हतं. मला त्याचा गर्व होता. का नसावा? दप्तराच्या वासासकट मी ते मिळवलं होतं. माझ्याकडं एक गाईड होतं, त्यात सापाच्या चाव्याचं चित्र होतं: विषारी सापाच्या दोन ठळक खुणा, बिनविषारीची बारीक दातांची रांग. ते चित्र मी बापाला दाखवलं होतं. त्यानं ते उलटंसुलटं धरून बघितलं.

"आमी हे न वाचताच जगलो की गं."

"पण वाचून खात्री होते, बा."

"व्हय. खातरी चांगली असती," तो म्हणाला आणि गाईड माझ्या हातात परत दिलं, दोन्ही हातांनी, पंचांग देतात तसं.

एप्रिलातल्या एका सकाळी आम्ही दोघंच खेकड्याला गेलो. मायला त्या दिवशी पोखर्णीच्या बाजूला जायचं होतं, पण पाटीपुरती मासळीच नसल्यामुळं ती घरी थांबली होती. बाप बांधाच्या दगडांवर पालथा पडला आणि एका बिळात खांद्यापर्यंत हात घातला. मी वर बकेट धरून उभी. ऊन नुकतं चढायला लागलं होतं. बाप "हं" म्हणाला, एवढंच, आणि हात बाहेर काढला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या मांसातून रक्त येत होतं.

"वळख दिली भाऊबंदानं," तो म्हणाला. हात पाण्यात बुडवून त्यानं धुतला आणि माझ्यापुढं धरला. "बघ बाई तुझ्या पुस्तकानं. आज परीक्षा हाय तुझी."

तो थट्टा करत होता. मी थट्टा केली नाही. मी बकेट खाली ठेवली, त्याचा हात हातात घेतला आणि नीट बघितलं. दोन ठळक खुणा नव्हत्या. चार-पाच ओरखडे होते, वाकडेतिकडे, एका ओळीत म्हणता येतील असे. बिळाच्या तोंडाला दगडांची धार होती, हात ओढताना तीही लागली असेल, हा विचार मला आला नाही.

"रांग आहे बा," मी म्हणाले. "दोन खुणा असत्या तर विषारी. हा विरोळाच."

हे बोलताना मी मान ताठ केली होती. ते मला अजून आठवतं. वर्गात फळ्यासमोर उभं राहून उत्तर देतात तसा माझा आवाज होता.

"पास झालीस," बाप म्हणाला.

मग त्यानं आणखी अर्धा तास खेकडे काढले. दुसऱ्या हातानं. चावलेला हात सुजायला लागला तर म्हणाला, खेकड्याचा काटा मोडला असंल आत. चुलता वरून जाताना थांबला, हात बघून म्हणाला, "इरुळा व्हय? चुना लाव," आणि गेला. आम्ही घरी आलो. मायनं भाकरी वाढली. बापानं डाव्या हातानं दोन घास खाल्ले आणि ताट सारलं.

"डोळ्यावर झापड यायलीय," तो म्हणाला.

"यील न्हाई तर काय," माय म्हणाली. "रातभर जाळ्यापाशी जागलाव. निजा थोडं."

वाकळ मी अंथरली. माशा बसू नयेत म्हणून तोंडावर ओला पंचा मीच टाकला. त्याच्या पापण्या अर्ध्यावर येऊन थांबल्या होत्या. मला वाटलं, लागला डोळा. थोड्या वेळानं तो काहीतरी बोलला, पण तोंडात पाणी धरून बोलावं तसं. मायला वाटलं, तंबाखू आहे तोंडात. तिनं पंचा उचलून बघितलं तर तोंडातून लाळ गळत होती आणि त्याला मान उचलता येत नव्हती. डोळे आमच्याकडं बघत होते. त्याला सगळं कळत होतं, एवढं मी खात्रीनं सांगते. नागाच्या विषानं अंग लुळं पडतं, भान जात नाही. हे मी नंतर शिकले. न शिकते तर बरं झालं असतं असं पुष्कळदा वाटतं.

चुलता रस्त्यापर्यंत पळत गेला, एक काळीपिवळी जीप अडवून घेऊन आला. दवाखाना अजून बराच लांब असताना बापाची छाती हलायची थांबली.

दुसऱ्या दिवशी चार माणसांनी पहार घेऊन ते बीळ खणलं. बीळ तोंडाशी ओलं होतं, पण आत वर चढत गेलेलं, कोरडं, उंदरांच्या लेंड्यांनी भरलेलं. शेवटाला नाग होता. चुलत्यानं दगडावरच्या पांढऱ्या रेघेवर हात ठेवला, मग बिळाच्या तोंडाशी ठेवला, आणि तिथंच खाली बसला. आदल्या साली ते बीळ कमरेइतक्या पाण्याखाली होतं. तिथं विरोळा आणि खेकडा यांशिवाय कुणी राहूच शकत नव्हतं. पाणी मागं गेलं, बीळ उघडं पडलं, त्यात उंदीर आले, उंदरांमागं नाग आला. जागा तीच होती. बापाच्या लेखी ती अजून पाण्यात होती आणि खरं तर ती बांधावर आली होती. ज्यांचा विरोळ्यावर इतका विश्वास, त्यांच्याच हातून अशी चूक होणार. विरोळ्याला भिणारा कुणबी असता तर ओरडत थेट दवाखान्यात गेला असता, आणि वाचला असता.

मला कुणी काही म्हणालं नाही. कसं म्हणणार? चावा बघितला तेव्हा बांधावर आम्ही दोघंच होतो. सगळे धरून चालले की बापानंच चावा बघितला, बापानंच विरोळा ठरवला. "एवढा पान्यातला मानूस, अन् त्यालाच कळलं न्हाई," असं बायका मायजवळ बसून म्हणायच्या. मी ऐकायचे. माय मान हलवायची. मी तोंड उघडलं नाही.

त्यानंतर वस्तीनं विरोळे मारायला सुरुवात केली. ज्या माणसांनी जन्मभर जाळ्यातून सोडवले, तीच माणसं जाळं काठावर ओढलं की काठी घ्यायची. माय तर दगड घेऊन पाण्यात उतरायची. विरोळ्यांची पोटं फुटून त्यातली मासळी बाहेर पडलेली मी बघितली आहे. पण कायदा काही बदलला नाही. चावला की आधी साप मारायचा, मेलेला बघायचा, विरोळा निघाला तर चुना लावून घरी बसायचं. सापडलाच नाही तर जुन्या माणसानं चावा बघून ठरवायचं. म्हणजे ज्या चुकीनं बाप गेला ती जागेवरच होती, फक्त साप जास्त मरत होते.

मायनं मला परभणीला कॉलेजात पाठवलं. "त्यो म्हनला हुता, पोरीला शिकवायचं," एवढंच तिचं कारण. मी बीएस्सीला प्राणीशास्त्र घेतलं. बाकीच्या मुली विचारायच्या, केमिस्ट्री का नाही घेतली, नोकरी लागते.

कॉलेजच्या ग्रंथालयात एक अमेरिकेचं जाडजूड पुस्तक होतं, तिकडच्या सापांचं. त्यात तिकडच्या पाणसापावर एक मोठं प्रकरण होतं. डिक्शनरी शेजारी ठेवून मी ते तीन आठवड्यांत वाचलं. दिवसाला एक पान होत नव्हतं. तो साप तपकिरी, अंगावर आडवे पट्टे, वय वाढलं की काळपट होत जाणारा. नद्यांत, तळ्यांत राहतो, मासे-बेडूक खातो, उन्हात काठाच्या फांद्यांवर पडून असतो. विष नाही. धरला तर अंग चपटं करतो, चावतो, घाण वास सोडतो, आणि त्याच्या लाळेमुळं रक्त जरा जास्तच वाहतं. कडाक्याच्या थंडीत बिळांत, दगडांच्या फटींत निजून राहतो. आपला विरोळा अंडी घालतो, तो मात्र जिवंत पिल्लं देतो, एका वेळेला विसावर सुद्धा. तेवढा एक फरक सोडला तर वाचताना मला सारखं वाटत होतं, हे आपल्या तळ्याचं लिहिलं आहे.

तिकडं दक्षिणेला पाण्यात राहणारा एक विषारी साप आहे. तोंड उघडलं की आतून कापसासारखं पांढरं. त्याच्या धोक्यापायी तिकडची माणसं हा गरीब पाणसाप मारतात. म्हणजे तिकडं बिनविषारीला विषारी समजून साप मरतो. आमच्याकडं विषारीला बिनविषारी समजून माणूस मेला. ग्रंथालयाच्या त्या लांब टेबलावर मी बराच वेळ पुस्तक उघडं ठेवून बसले. शिपाई येऊन म्हणाला, "मॅडम, बंद करायलोय." मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मॅडम म्हटलं ते त्या दिवशी.

दुसऱ्या वर्षाला सापांचा धडा आला. शिकवणाऱ्या बाईंनी दोन खुणा आणि दातांची रांग असलेलं तेच चित्र फळ्यावर काढलं, आणि त्यावर मोठी फुली मारली. म्हणाल्या, हे चित्र विसरा. विषारी साप एकच दात लावतो, कधी ओरखडतो, कधी दोनदा चावतो. खुणांवरून काहीही सांगता येत नाही. चावा बघून निदान करणारा डॉक्टर नव्हे. मी हात वर केला. विचारलं, "चार-पाच ओरखडे असले तर, मॅडम?" त्या म्हणाल्या, "तर दवाखाना. एक असला तरी दवाखाना." मी वही मिटली आणि वर्गाबाहेर आले. व्हरांड्यात नळ होता, तिथं तोंड धुतलं, परत आत जाऊन बसले. धडा पुरा लिहून घेतला. अजून आहे माझ्याकडं.

सुट्टीला गेले की मी वस्तीत सांगायचे. दोनच गोष्टी. विरोळ्याला मारू नका, तो निर्दोष आहे. आणि कुठलाही साप चावला, अगदी विरोळा वाटला तरी, पहिल्यांदा सरकारी दवाखाना. चुलता हसायचा.

"मास्तरीनबाई, एक काय ते ठरवा. निर्दोश हाय तर दवाखाना कशाला? अन् दवाखाना हाय तर मारायचा का न्हाई?"

"साप निर्दोष आहे, काका. आपली नजर निर्दोष नाही."

"आमची नजर पन्नास वर्सांची हाय. तुझी कितीची?"

लोक हसायचे. पुढचं वाक्य बोलायला मला जमत नव्हतं. त्यांना वाटायचं, एका अडाण्याची चूक दाखवून ही शहाणी बोलायलीय. आपल्या बापालाच नावं ठेवायलीय. एकदा चुलती तसं तोंडावर म्हणाली सुद्धा: "मेल्यावर तरी त्याला पान्यातला मानूस राहू दे की गं."

मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते त्या श्रावणातली गोष्ट. मी दुपारच्या एसटीनं आले. वस्तीत शिरले तर चुलत्याच्या अंगणात माणसं जमलेली. चुलत्याचा थोरला मुलगा, माझा चुलत भाऊ, खाटेवर बसला होता, पोटरीला चुना फासलेला. गुडघाभर पाण्यात जाळं ओढताना काहीतरी चावलं होतं. साप दिसला नव्हता. चुलता पोटरीवर वाकून बघत होता.

"इरुळा हाय," तो म्हणाला. "चहा टाका. पोराचं त्वांड उतरलंय भ्यानं."

"काका, गाडी बोलवा," मी म्हणाले.

"आली बघा सरकारी गाडी," कुणीतरी मागून म्हणालं.

"काका, मी हात जोडते."

"कशाला जोडतीस? म्या बघितलंय. दातांची रांग हाय. पान्यात चावलंय, बांधावर न्हाई. तुझ्या बापासारखी चूक म्या न्हाई करत."

माय तिथंच होती. चुलत्याच्या ओट्यावर बसून पाटीतली मासळी निवडत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर जमलं नसतं.

"ती चूक बानं केली नव्हती," मी म्हणाले. "मी केली. त्यानं हात माझ्यापुढं धरला होता. तो मला म्हणाला, बघ. मी बघितलं, आणि मी सांगितलं, रांग आहे, विरोळाच. त्यानं माझं ऐकलं. तो पाण्यातलाच माणूस होता. त्याला एकटा सोडला असता तर कदाचित गेलाही असता दवाखान्यात. मला माहीत नाही. पण मी बारावी सायन्स होते, म्हणून त्यानं माझं ऐकलं. आता तुम्ही पन्नास वर्षांचं ऐकताय. काका, रांग मीही बघितली होती."

चुलत भाऊ पोटरी धरून माझ्या तोंडाकडं बघत होता.

माय उठली. हाताला मासळीचं लागलेलं लुगड्याला पुसलं.

"गाडी बोलवा," ती चुलत्याला म्हणाली. "भावजी, उठा. चहा राहू द्या."

चुलता उठला. ठेकेदाराचा टेम्पो तळ्यावर उभा होता, त्यातच भावाला घातलं. मी मागं त्याच्याजवळ बसले, त्याला पाय हलवू दिला नाही, रस्ताभर बोलायला लावलं, पापण्यांकडं बघत राहिले. दवाखान्यात त्याला एक रात्र ठेवून घेतलं. काही झालं नाही. विरोळाच असणार. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून उतरताना तो सगळ्यांना म्हणाला, "इरुळ्यानं गुळाऐवजी सलाईन खाऊ घातलं राव." चुलता हसला नाही. माझ्याशी तो बरेच दिवस बोलला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

मायही बोलली नाही. चार दिवस मी घरी होते. भाकरी वाढायची, पाणी द्यायची, तेवढंच. पाचव्या दिवशी मी पिशवी भरत होते, तेव्हा ती दारात येऊन बसली.

"निजा म्या म्हनलं हुतं," ती म्हणाली.

मी पिशवी ठेवली.

"तुला आठवतंय का न्हाई? झापड यायलीय म्हनला, अन् म्या म्हनलं, निजा. रातभर जागलाव म्हनून. तवाच हलवला असता तर. मीबी कुनाला सांगितलं न्हाई. इतकी वर्सं तू तुझं धरून बसलीस, मी माझं. एका घरात."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. कुणी कुणाला समजावलं नाही. समजावून त्यात काही बदलणार नव्हतं. एसटी चुकली, दुसऱ्या दिवशी गेले. दुःख वाटून घेतलं की कमी होतं असं म्हणतात. आमचं झालं नाही. फक्त त्या दिवसापासून बापाचं नाव आमच्या घरात निघायला लागलं, तोवर निघत नव्हतं.

मायला आता कमी दिसतं. पाटी बंद झाली आहे. चुलता गेल्या साली वारला, म्हातारपणानं, खाटेवर. त्याच्या शेवटच्या दिवसांत वस्तीतल्या एका सुनेला तळ्यावर धुणं धुताना साप चावला. त्या वेळी मी परभणीत होते, मला फोनवर कळलं. तिला कुणी चावा दाखव म्हटलं नाही, साप शोधायला कुणी गेलं नाही, चुना कुणी आणला नाही. चुलत्यानं खाटेवरूनच गाडी सांगितली. दवाखान्यात तिच्या पापण्या मिटायला लागल्या तेव्हा कळलं, तिला नागच चावला होता. वेळेत लस मिळाली, ती घरी आली.

मी आता कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. भोयाच्या घरातली पहिली पदवीधर, पहिली एमएस्सी. ते माझ्या बापाच्या जिवापेक्षा मोठं नाही, पण माझं आहे आणि मी ते लपवत नाही. आमच्या वस्तीत बाप गेल्यापासून साप चावून दुसरं कुणी गेलेलं नाही. कुठलाही साप असो, चावलेला माणूस आमच्याकडं आता घरी थांबत नाही.